'मार्स' मालिका पाहताना काय वाटलं? खान्देशातल्या प्रेक्षकांचे अनुभव

धुळे

नॅशनल जिओग्राफिकच्या 'मार्स' मालिकेचं पहिलं पर्व २०१६ मध्ये आलं, दुसरं २०१८ मध्ये. २०३३ साली मंगळावर उतरणाऱ्या पहिल्या माणसांची ही कथा, आणि मधूनमधून आजच्या शास्त्रज्ञांच्या खऱ्या मुलाखती. नुकतीच मी ती परत पाहिली. तिथली जवळपास प्रत्येक अडचण पाणी, वीज नाहीतर धुळीपाशी येऊन थांबते, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या रोजच्या. म्हणून विचारतेय, कोणता प्रसंग भिडला आणि का? विज्ञानाबद्दल शंका असेल तर तीही लिहा. मालिका जुनी आहे, शेवट सांगितलात तरी चालेल.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

माझी सगळी नोकरी कंट्रोल ऑफिसात गेली. गाडी कुठे अडकली की ड्रायव्हर, गार्ड, स्टेशन मास्तर, कुणाशीही लगेच बोलता यायचं, आणि तरी घाम फुटायचा. मंगळावर नुसता निरोप पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात, दोन ग्रह त्या वेळी किती लांब आहेत त्यावर. उत्तर यायला तेवढीच आणखी. पहिल्या भागात यान उतरताना बिघाड होतो, तेव्हा पृथ्वीवरच्या लोकांच्या हाती काहीच नसतं. ते काळजी करत असतात तोवर तिथे जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कंट्रोलच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

कॅप्टन बेन सॉयर स्वतः दुरुस्तीला उठतो, जखमी होतो आणि पुढे त्यातच जातो. घरच्यांना ते नाटकी वाटलं, मला अजिबात नाही. विचारायला वेळच नसेल तर जागेवरच्या माणसानेच ठरवायचं असतं.

रावेर, केळी बागायतदार

माझा जीव अडकला तो वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल रिचर्डसनमध्ये. बाहेर संपता न संपणारं वादळ, वीज तुटपुंजी, आणि या माणसाचं मन हळूहळू ढासळत जातं. शेवटी तो बाहेरचं दार उघडतो आणि आतली माणसं मरतात. घरात सगळे त्याच्यावर चिडले. मला चिडता आलं नाही. मे-जूनच्या वादळात काढणीला आलेली बाग तासाभरात आडवी होते, प्रत्येक खोडावर भरलेला घड असतो आणि खोडच मोडलेलं असतं. त्या दिवशी बागेत उभ्या असलेल्या माणसाशी बोलून बघा. अशा वेळी त्याला एकटं सोडायचं नाही, एवढं आमच्या गावाला कळतं. भावकीतलं कुणीतरी येऊन बसतं, काही बोलत नाही, पण बसतं. मंगळावर बायको जवळ होती, सहकारी होते, पण जो तो तळ वाचवण्याच्या धावपळीत. लिहिणाऱ्याने हे फार खरं लिहिलंय.

मातीबद्दलही एक सांगतो. मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाचे क्षार आहेत, २००८ मध्ये फिनिक्स यानाला ते सापडले. माणसाच्या थायरॉईडला ते घातक. म्हणजे पीक घ्यायचं तर माती आधी धुवायची, आणि धुवायला पाणी हवं. तापीकाठी ज्यांनी क्षारपड जमीन सुधारली आहे, त्यांना हे गणित समजावून सांगायला नको.

चाळीसगाव, फौजीची पत्नी

मोहिमेतली हॅना मंगळावर आणि तिची जुळी बहीण जून पृथ्वीवर. जिहे या एकाच अभिनेत्रीने दोघी केल्यात. सगळे हॅनाबद्दल बोलतात, मी मात्र जूनकडेच बघत होते. हे सीमेवर असताना फोन लागायचा नाही तेव्हा मी घरातली कामं दोनदा करायचे. तिलाही काम सोडून बसता येत नाही. बाकीचं तुम्ही लिहा, मला एवढंच सांगायचं होतं.

साक्री, शिक्षिका

सातवीला निवडक प्रसंग दाखवले, मृत्यूचे वगळून. पहिला प्रश्न मागच्या बाकावरून आला, "मॅडम, तठे पानी शे का?" आहे, पण बर्फ होऊन, ध्रुवांवर आणि जमिनीखाली. आमच्या तालुक्यात शिवाजीनगरचा सौर प्रकल्प आहे. पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी होते हे मुलांना ठाऊक, त्यामुळे धुळीचं वादळ आणि वीज यांचा संबंध मला शिकवावा लागला नाही. उलट मी त्यांना मंगळावर फिरणाऱ्या, सौरऊर्जेवरच्या ऑपॉर्च्युनिटी या नासाच्या यंत्रगाडीची हकिकत सांगितली. ९० दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी १४ वर्षांहून जास्त चालली. २०१८ च्या जूनमध्ये ग्रहभर वादळ पसरलं, पॅनेलना ऊन मिळेना, आणि ती कायमची गप्प झाली. दोन मुली रडल्या. एका यंत्रासाठी मुलं रडतात, हे मला फार मोलाचं वाटलं.

धुळे, भूगोलाचे प्राध्यापक

साक्रीच्या बाईंच्या मुद्द्याला जोडून सांगतो. मंगळाची हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे. तिथलं वादळ घर पाडणारं नसतं, सूर्य झाकणारं असतं. पडद्यावर पाहताना हा फरक लक्षात ठेवावा.

मला आवडला तो लाव्हाच्या भुयारात आसरा शोधण्याचा भाग. किरणोत्सारापासून वाचायला डोक्यावर दगडाचं छत हवं, ही कल्पना शास्त्रज्ञ खरोखरच मांडतात. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांश बेसाल्टचा, आणि धुळे-नंदुरबारकडचा आपला काळा दगडही तोच, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. विद्यार्थ्यांना मालिका दाखवून मग त्यांना डाइकच्या, म्हणजे भेगांत गोठलेल्या लाव्हाच्या भिंती पाहायला नेतो. एरवी ते त्या दगडांकडे ढुंकूनही बघत नाहीत.

जळगाव, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

दुसऱ्या पर्वाचा विषय कुणीच काढला नाही. साल २०४२, शास्त्रज्ञांच्या वस्तीशेजारी ल्यूक्रम नावाची खाणकंपनी येते. कंपनीची माणसं जरा एकसुरी रंगवलीत, तरी वाद खरा आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही देशाला मंगळावर मालकी सांगता येत नाही. पण अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून, तिच्या नागरिकांनी आणि कंपन्यांनी तिथून काढलेली साधनसामग्री त्यांचीच राहील असं ठरवलं. मग जमिनीखालचा बर्फ ज्याने आधी उपसला त्याचा का? गिरणेच्या कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीवरून, म्हणजे आवर्तनावरून, वरचे आणि शेपटाकडचे शेतकरी का भांडतात, हे लहानपणापासून ऐकत आलेय. आपल्याकडे निदान भांडायला कार्यालय आहे. पाणी वापर संस्थेत काम केलेलं कुणी वाचत असेल तर लिहा ना: मंगळावरच्या वस्तीला पाण्याचे नियम करून द्यायचे झाले, तर पहिला कोणता कराल?