गिअरच्या सायकलला घरीच मोटर बसवायची आहे, घाट चढला पाहिजे (सल्ला हवा)

घाटपायथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राहायला साताऱ्यात, समर्थ मंदिराजवळ. नोकरी यवतेश्वर घाट चढून वर, कासच्या वाटेवरच्या एका शाळेत. एसटीच्या वेळा माझ्या वेळांना जुळत नाहीत आणि स्कूटर बायको नेते. घरात २१ गिअरची जुनी लोखंडी सायकल धूळ खात पडलीय. पुढे २८-३८-४८ दातांच्या तीन चकत्या, मागे सात, चाकं २६ इंची. तब्येत बरी आहे, पण वय ४७ आणि वजन ७५. घाट नुसत्या पायांवर चढलो तर पहिला तास मुलांना वाचन देऊन खुर्चीत बसून काढावा लागेल.

व्हिडिओंमध्ये सायकलच्या त्रिकोणात ८० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेलं बघितलंय, सध्या डोक्यात तेच आहे. अटी दोनच: गिअर राहिले पाहिजेत आणि पायडल मारता आलं पाहिजे. वेल्डिंग येत नाही. ड्रिल, ग्राइंडर, मल्टिमीटर चालवतो. बजेट वीस हजार, ताणून पंचवीस. काय घ्यावं, काय टाळावं?

"सरळ विकतची ई-सायकल घ्या" हा सल्ला कृपया नको. तो घरातून आधीच मिळालाय.

पायडलपुराण

पेट्रोल आधी डोक्यातून काढा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(२८): चारपेक्षा कमी चाकं आणि इंजिन २५ सीसीपर्यंत असेल तरच ते मोटार वाहनातून वगळलंय. ८० सीसी म्हटलं की नोंदणी, विमा, लायसन सगळं आलं, आणि घरी जोडलेलं इंजिन घेऊन आरटीओत गेलात तर कुठल्या खिडकीवर उभं राहणार?

विजेचं सोपं आहे. मोटरची अर्ध्या तासाची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, ताशी २५ किमीला किंवा तुम्ही पाय थांबवलेत की मदत बंद, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, ब्रेक धड, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. एवढ्यात बसतं असं मान्यताप्राप्त चाचणी संस्थेनं तपासून मंजूर केलं तर सायकल ती सायकलच. रिफ्लेक्टर लावायला लोक हमखास विसरतात.

कोथरूडकरीण

माझ्या सायकलला मागच्या चाकात हब मोटर आहे, ३६ व्होल्ट २५० वॉट. दोन वर्षं झाली. बसवायला एक दुपार लागली, आऱ्या आमच्या सायकलवाल्यानं भरून आऊट काढून दिला. सपाटीला स्वर्गसुख. पण ऑफिस बावधनला गेलं आणि रोज चांदणी चौकाचा चढ नशिबी आला. तिथं वेग दहा-बारावर येतो, मोटर नुसती हुं हुं करते आणि वर पोचल्यावर हबला हात लावला तर चटका. एकदा कंट्रोलरनं (मोटरला करंट पुरवणारा डबा) मधेच मान टाकली, उरलेला चढ मी सायकल ढकलत गेले. माझा चढ तुमच्या घाटापुढे काहीच नाही, तेव्हा हब घेताना विचार करा दादा.

नटबोल्ट_इचलकरंजी

ताईंचा अनुभव बरोबर आहे, आणि त्यात मोटरचा काही दोष न्हाय. हब मोटर चाकाला बांधलेली असते. चाक हळू तर मोटर हळू. पंचविसाच्या वेगासाठी गुंडाळलेली मोटर बारावर फिरवली की करंटचा बराचसा भाग उष्णतेत जातो. सर, तुमचे २१ गिअर मग फक्त तुमच्या पायांच्या उपयोगाचे. गिअर मोटरला मिळाला पाहिजे, म्हणजे मोटरचा जोर क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) पडला पाहिजे आणि तिथून पुढं नेहमीच्या चेननं मागच्या चाकात. घाटासाठी दुसरा मार्ग न्हाय.

आमच्याकडं यंत्रमागाचे सुटे भाग करणारा लेथ आहे, त्यावर मी अशा तीन सायकली केल्यात. हिशेब मांडतो, वहीत उतरवून घ्या.

मोटर: २४ व्होल्ट, २५० वॉट, गिअरबॉक्सवाली ब्रश मोटर (एमवाय१०१६झेड या नावानं मिळते). शाफ्टवर ९ दातांचं स्प्रॉकेट, लोडवर फेरे मिनिटाला सुमारे ३००. माणूस आरामात पायडल मारतो ते ७५ फेऱ्यांनी. म्हणजे चौपट कमी करायचं. एका टप्प्यात केलं तर मोठी चकती लागते, शिवाय मोटर बंद ठेवून पायडल मारताना ती मोटरही पायांनीच फिरवावी लागते. म्हणून मध्ये एक आडवा शाफ्ट टाकायचा, आम्ही जॅकशाफ्ट म्हणतो. मोटरच्या ९ वरून शाफ्टवरच्या १८ दातांच्या साध्या फ्रीव्हीलवर (एका दिशेला जोर देतं, दुसऱ्या दिशेला मोकळं फिरतं), त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या १४ वरून तुमच्या क्रँकच्या २८ च्या आतल्या चकतीवर. दोनदा निम्मं. झाले ७५.

मधली ३८ ची चकती मागच्या चाकाला जाते. ४८ ची काढून टाका, तिला आता काम न्हाय. २६ इंची चाकाचा घेर धरा २.०७ मीटर. मागं १४ दातांवर असाल तर वेग पंचविसाच्या आसपास येतो, २८ वर साडेबारा. मागचं फ्रीव्हील १४-३४ चं घेतलंत तर खालचा गिअर साडेदहावर येतो. ते घ्याच. मोटर मात्र प्रत्येक गिअरमध्ये ३०० वर खुशीत.

आता खरी गोम. फ्रीव्हील एकूण दोन लागतात (मागच्या चाकातलं सोडून). शाफ्टवरचं सांगितलं. दुसरं क्रँकवर, म्हणजे चकत्या फिरतील पण पायडल फिरणार न्हाय. पहिल्या सायकलीला मी हे वाचवलं. पोटरी खाजवायला एक पाय खाली घेतला आणि फिरत्या पायडलनं नडगीवर असा टोला दिला की तिथं अजून केस उगवत न्हाईत.

घाटपायथा

बापरे, हे तर एक आख्खं प्रकरण झालं. दोन शंका. क्रँकवरचं फ्रीव्हील इथं सायकलच्या दुकानात विचारलं, दुकानदार म्हणाला "असलं काही नसतं". आणि ६ टक्के चढ असेल तर २५० वॉट खरंच पुरतात का?

नटबोल्ट_इचलकरंजी

असतं. ऑनलाइन 'फ्रीव्हील क्रँक' शोधा, तीन चकत्यांच्या स्पायडरसकट (चकत्या बसतात तो सांगाडा) मिळतो. तुमच्या सगळ्या सामानात बॅटरीच्या खालोखाल महाग तोच.

चढाचं: तुम्ही ७५, सायकल आणि सगळा संसार ३०, एकूण १०५ किलो. ६ टक्क्यांवर मागं खेचणारा जोर ६२ न्यूटन, टायर आणि वाऱ्याचे दहा धरा. साडेदहाच्या वेगाला दोनशेच्या जरा वर वॉट लागतात. मोटर ते देते, पण पायडल मारत राहा. ८ टक्क्यांचा तुकडा आला तर शेवटचे साठ-सत्तर वॉट तुमच्या मांड्यांचे.

वॉटतास

बॅटरीचं मी बोलतो, कारण आग तिथंच लागते.

ठोकळ हिशेब: तुमच्या वजनाला १०० मीटर उंची चढायला बॅटरीतून साधारण ४० वॉट-तास जातात, पायडल अजिबात न मारता. फोनवर समर्थ मंदिर आणि शाळा दोन्हीकडची उंची बघा, वजाबाकी करा, भागा. येताना उतार असल्यामुळे खर्च जवळपास शून्य. २४ व्होल्टला लिथियम आयर्न फॉस्फेटचे ८ सेल मालिकेत (२५.६ व्होल्ट), १५ अँपिअर-तास घेतलेत तर ३८४ वॉट-तास हाताशी.

शिशाच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या स्वस्त पडतात म्हणून घेऊ नका. वजन दुप्पट, आणि अर्ध्या-पाऊण तासात उपसल्या की छापील क्षमतेच्या बऱ्याच खाली बसतात. जुन्या लॅपटॉपचे सेल सोल्डर करून पॅक बनवायचे उद्योग तर अजिबात नकोत. बीएमएससकट (सेलना जादा चार्ज-डिस्चार्जपासून वाचवणारं सर्किट) तयार पॅक घ्या. चार्जर त्याच रसायनाचा: आठ फॉस्फेट सेलना २९.२ व्होल्ट. सात सेलच्या साध्या लिथियमचा २९.४ चा चार्जर दिसायला तसाच असतो, पिनही तीच. घरात दोन्ही असतील तर रंगीत टेप लावा. बॅटरीच्या प्लसपासून बोटभर अंतरावर फ्यूज, वायर अडीच चौरस मिमी. रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंगला लावू नका.

जुनीलूना

मी एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर. १९७२ साली लूना आली तेव्हा आमच्या गल्लीतली पहिली आमच्या वडिलांची. ५० सीसी, गिअर नाही. दोघं बसून चढ आला की वडील पायडल मारायचे आणि मागे बसलेल्यानं उतरून चालायचं हा नियम. गिअर असता तर आमच्या आईचं चालणं वाचलं असतं, म्हणून तुमचा हट्ट मला पटला.

पण धागा वरपर्यंत वाचला, चढण्याचंच सगळे बोलताहेत. उतरताना काय? शंभर किलो घाटातून रोज खाली येणार. सायकल जुनी म्हणताय, रिम स्टीलचा आहे का? पावसात स्टीलच्या रिमवर रबरी ब्रेक दोन-तीन फेरे नुसते घसरतात, मग धरतात. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा. दोन्ही रिम अ‍ॅल्युमिनियमचे करा, किंवा पुढचा चिमटा (फोर्क) बदलून डिस्क लावा. मोटरच्या आधी ब्रेक. आणि वळणाआधी ब्रेक दाबा-सोडा, दाबून धरू नका.

कोथरूडकरीण

+१. ब्रेक लिव्हर मोटर-कटवालेच घ्या. लिव्हर दाबताक्षणी मोटर बंद.

पायडलपुराण

आणि थ्रॉटलऐवजी पायडल-सेन्सर. १२ चुंबकांची चकती क्रँकच्या दांड्यावर बसते. तुमच्या रचनेत क्रँकला फ्रीव्हील असल्यामुळे ती फक्त पाय फिरले तरच फिरेल, कायद्याला हवं तसं. कंट्रोलर घेताना सेन्सरचा सॉकेट आहे का बघा, ब्रश मोटरच्या सगळ्यांना नसतो.

घाटपायथा

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, दोन महिने लागले. चाचणी, मग पाऊस, मग दहावीचे तास.

ब्रेक आधी केले. काका, रिम स्टीलचेच होते. शाफ्ट आणि फ्रीव्हीलचा थ्रेड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून कापून घेतला. त्यानं "हे कशाला?" असं तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा स्वतःच बेअरिंगचं माप सुधारून दिलं. मोटरचा ब्रॅकेट ५ मिमी पट्टीचा, यू-क्लॅम्पनं फ्रेमला आवळलाय, वेल्डिंग कुठेच नाही. पहिल्यांदा वायर जोडल्या तर मोटर उलटी फिरली. ब्रश मोटर असल्यामुळे दोन वायरी अदलाबदल करून भागलं. मोटरची जाडी चेन २८ च्या पातळ चकतीवर बसेल का ही धास्ती होती. छान बसते, उलटं मात्र जमलं नसतं. खर्च सव्वीस हजार आठशे. घरी पंचवीस सांगितलाय.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण घाट चढलो. वेग दहा-अकरा, ३४ वर. वर पोचल्यावर मोटरवर हात ठेवला, कोमट होती. घाम आला, पण शर्ट बदलावा लागला नाही.

एकच त्रास. ३४ वरून लगतच्या चकतीवर टाकताना मागची चेन दोनदा उतरली, दोन्ही वेळा चढावरच. फोटो टाकलाय.

नटबोल्ट_इचलकरंजी

अभिनंदन सर! फोटो डावीकडून काढलाय, त्यात मोटर छान दिसते, चेन न्हाय. मागून, सायकलच्या सरळ रेषेत, डोळा ३८ च्या चकतीच्या उंचीवर ठेवून काढा. ती चकती मागं सातपैकी मधल्या, चौथ्या चकतीच्या समोर यायला पाहिजे. माझा अंदाज, फ्रीव्हील क्रँक जाड असल्यामुळं ती तीन-चार मिमी बाहेर आलीय.

आणि एक सांगा, गिअर टाकताना ब्रेकची लिव्हर जराशी दाबून मोटर कापता का? न्हाय ना? तेच तर.