थंडीत ग्रुपसोबत डोंगर-जंगल फिरलात? गोव्यातले अनुभव लिहा, खरे खरे

फोंडेकरीण
डिसेंबर लागला की आमच्या ग्रुपवर मेसेज सुरू, "आयतारा खंय?" (रविवारी कुठे?) पावसात जळवा आणि शेवाळ, मार्चपासून घामाच्या धारा, म्हणजे गोव्यात पायी फिरायला धड तीनच महिने मिळतात. मी सात वर्षं इथल्याच एका छोट्या हायकिंग क्लबाबरोबर जातेय. फोटो सगळेच टाकतात, ते नकोत. काय फसलं, कोण मागे राहिलं, कुणाशी वाजलं, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. पहिलीच ट्रिप तांबडी सुर्ल्याची. सासूबाई म्हणाल्या मोलेच्या बाजूला थंडी मरणाची, म्हणून मी स्वेटर, वर शाल, वर कानटोपी, अशी पहाटे साडेपाचला बसस्टँडवर उभी. पाववाला पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत गेला तोही वळून बघत होता. कदंब राजांच्या वेळचं ते काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, मागे घाटाची भिंत, गवत दंवाने ओलं, तोपर्यंत कानटोपीचा अभिमान वाटत होता. मग जंगलाची वाट लागली आणि वीस मिनिटांत सगळं अंगावरून उतरून हातात आलं. दिवसभर ते लोकरीचं बोचकं वागवलं, एका हाताने झाडं धरत.

पण लक्षात राहिले ते आमचे लीडर काका. ते कायम सगळ्यांच्या मागे चालतात. कुणी दमलंय असं दिसलं की "दमलीस काय?" असं कधी विचारत नाहीत, "बाय, तुझ्याकडचं उदक दी गो मात्शें," म्हणतात. आता पाणी द्यायचं म्हणजे थांबायला हवं, सॅक काढायला हवी, बसायला हवं. त्यांच्या स्वतःच्या सॅकमध्ये दोन लिटर भरलेलं असतं, हे मला तिसऱ्या ट्रिपला कळलं.

मडगावचो आजो
वय 66, डावा गुडघा बाद. मागच्या जानेवारीत एका ग्रुपबरोबर पारोड्याच्या चंद्रनाथाला गेलो, नाव लिहीत नाही. सगळी पोरं पंचविशीची, मला वाटलं बरं आहे, तरुणांबरोबर पाय आपोआप उचलतील. तर झालं असं की लीडर सगळ्यात पुढे आणि त्याच्या मागे सगळे धावतायत, पायऱ्यांच्या पहिल्या वळणावरच मी एकटा. बरं बसलो एका पायरीवर, घाई कुणाला होती. खाली सासष्टीच्या शेतांवर धुकं असं पसरलेलं की माडांचे फक्त शेंडे वर, चांदर कुठे आणि केपें कुठे काही ओळखता येईना. वर पोहोचलो, दर्शन घेतलं. पौर्णिमेचं चांदणं पडलं की इथल्या लिंगाला पाझर फुटतो म्हणतात, आम्ही गेलो अमावास्येच्या आसपास, त्यामुळे तो विषय मिटला. आणि बाहेर येऊन बघतो तर ग्रुप गायब. खाली गाडी उभी होती तीही गेलेली. कुणी मोजलंच नव्हतं. फोन केला तर लीडर म्हणतो, "अंकल, आम्हाला वाटलं तुम्ही दुसऱ्या गाडीत." दुसरी गाडी नव्हतीच, बाबा!

शेवटी एका भाविकाच्या स्कूटरवर मागे बसून मडगाव गाठलं. पैसे परत मागितले नाहीत. मागायला हवे होते.

कुळेंकार
दर थंडीत मला चार तरी फोन येतात, "रुळावरून चालत दूधसागरला न्या." नेणार नाही. एकदा नेलं होतं, सांगतो.

कॉलेजात होतो, आम्ही चौदा जण, कुळेंहून रुळावरून निघालो. रुळांखालच्या स्लीपरवर चालणं म्हणजे पावलं ना पूर्ण पडत ना अर्धी, तासाभरात पोटऱ्या गेल्या. बोगद्यात शिरलो, अर्ध्यात असताना मागून घरघर. घाटाची चढण उभी, म्हणून मालगाडीला कुळेंपासून मागेही इंजिनं जोडतात, ती ढकलत घाटावरच्या कॅसलरॉक स्टेशनपर्यंत नेतात. म्हणजे पुढची इंजिनं गेली, डबे गेले, आपल्याला वाटतं संपलं, आणि मागून परत तेवढाच आवाज. भिंतीला पाठ लावून उभे होतो, भिंत ओली, पाठ गारठलेली, डिझेलचा धूर नाकातोंडात. माझ्या शेजारच्या पोराची पाण्याची बाटली हातातच चेपली होती, त्याला माहीतही नव्हतं. बाहेर आल्यावर पाच मिनिटं कुणी बोललं नाही.

रुळावरून चालणं हा गुन्हा आहेच, पण ते बाजूला ठेवा. 310 मीटरचा धबधबा बघायचा तर कुळेंहून जीप जाते ना, नदी पार करत हाडं खिळखिळी करत, लाइफ जॅकेट घालून. तेवढं साहस पुरे. आणि डिसेंबरात जा, फेब्रुवारीत पाणी पार उतरतं मग मला शिव्या घालता.

वाळपईची सिस्टर
सगळे जळवांचं बोलतात, थंडीतल्या गोचिडीचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितेय. आमच्या सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडताप आहे, गोचीड चावून होणारा. ही गोचीड कुत्र्याच्या अंगावर दिसते तशी टपोरी नसते हं, पिल्लं असतात, खसखशीच्या दाण्याएवढी, आणि त्यांचा जोर नेमका याच कोरड्या महिन्यांत. पावसाळा संपला म्हणून सगळे निर्धास्त पाचोळ्यावर लोळतात.

आमचा बायकांचा ग्रुप आहे, बारा जणी, वाघेरी डोंगराच्या बाजूला गेलो होतो. एकीने दुपारी डबा खायला मस्त सावली बघून सुक्या पानांवर बेडशीटच अंथरली. मी ओरडले तर म्हणे तू ड्युटीवर आहेस काय? संध्याकाळी घरी येऊन मोजे काढले तर इलॅस्टिकच्या रेघेत तीन ठिपके, मला वाटलं माती, नखाने खरवडायला गेले तर ठिपका चालायला लागला. त्याच रात्री सगळ्या बारा जणींना फोन केले, कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा, काखा-जांघा-कानामागे बघा. बेडशीटवालीला पाच सापडल्या. कुणाला काही झालं नाही, पण दोन आठवडे मी प्रत्येकीला रोज विचारत होते ताप आला काय, डोकं दुखतं काय, शेवटी एकीने मला ब्लॉक केलं.

तेव्हापासून आमचा नियम, बसायचं ते दगडावर. पँट मोज्यात खोचायची, दिसायला ध्यान दिसतं पण दिसू दे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, फॉरेस्टवाल्यांना किंवा हेल्थ सेंटरला कळवायचं.

दुर्बीणवाला
करमळीचं तळं, जानेवारी, सकाळी सात. लांबून आलेली बदकं पाण्यावर, आमचे आठ जण बांधावर गप्प. तेवढ्यात दुसरा एक ग्रुप आला, पन्नासेक लोक, सारखे टीशर्ट, ब्लूटूथ स्पीकर. सगळं तळं उठलं. पंखांचा आवाज असा झाला की ताडपत्री फाडावी. त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं शो आहे. मी भांडलो, मोठमोठ्याने भांडलो, आणि मग आमच्यातलीच एक मुलगी म्हणाली की दादा आता तुमच्यामुळे उरलेली पण उडाली.

काणकोणची पोर
कासव बघायला गालजीबागेला रात्री दहा ते तीन. टॉर्च नाही, मोबाईल नाही, बोलायचं नाही. कासव आलं नाही. वाळू इतकी गार की सहा जणांनी दोन चादरींत पाय घातले होते आणि कुणाचा पाय कुणाचा हे कळत नव्हतं. परत जाणार. (अंडी घातलेली जागा फॉरेस्टवाले जाळी लावून राखतात, ती मात्र दिवसा पाहिली.)

केपेंकार
उसगाळीमळचं कातळशिल्प कुणीच लिहिलं नाही? कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर खोदलेले बैल, बाई, आणि तो गोल गोल चक्रव्यूह. 1993 मध्ये ते जगासमोर आलं, गावातल्या गुराख्यांना आधीपासून ठाऊक होतंच. दुपारी बारा वाजता ग्रुप घेऊन गेलो तर सगळे म्हणाले कुठेय काय, नुसता दगड. माझी नाचक्की. पुढच्या रविवारी त्याच लोकांना मिनतवारी करून सकाळी लवकर नेलं. थंडीतलं ऊन तिरकं येतं, प्रत्येक रेघेत सावली भरते आणि बैलाची शिंगं अचानक वर येतात, हातभर अंतरावर. आधी हसलेला एक जण चप्पल काढून उभा राहिला. कुणीतरी रेघा नीट दिसाव्यात म्हणून खडू काढला, त्याला तिथेच गप्प बसवला. पाणीही ओतू नका, उन्हाची वाट बघा, फुकट आहे.

परतताना तिळामळला पातळभाजी आणि उंडे (गोल पाव). त्यावर वेगळा धागा लागेल.

मडगावचो आजो
केपेंकार, हे किती चालावं लागतं? गुडघ्याचं लिहिलंय वर.

केपेंकार
आजो, गाडी जवळपर्यंत जाते. थोडं उतरायचं, दगडावर उभं राहायचं. या तुम्ही.

फोंडेकरीण
आजो, आम्ही येत्या रविवारी तिथेच जातोय. सहाला मडगावच्या कदंब बसस्टँडवर उभे राहा, मी मोजून घेईन. काकांना सांगितलंय. पाण्याची बाटली मात्र आठवणीने आणा, ते मागतील.

मडगावचो आजो
दोन आणतो.