वकिलाची फी: तासावर, ठोक की तारखेवर?

नवा_अशील
वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीचा दावा लावायचा आहे. तीन वकिलांना विचारलं. एक तासावर फी सांगतात, दुसरे पूर्ण कामाची ठोक, तिसरे वकीलपत्र घेताना काही रक्कम आणि पुढे दर तारखेला ठरावीक. हे आकडे एकमेकांशी ताडायचे कसे? शिवाय तिघंही म्हणतात "खर्च वेगळा". तो कशाचा?

दिवाणी_बाजू
ठोक फीत पहिला प्रश्न हा, की काम कुठे संपतं? वाटणीच्या दाव्यात तर हे विचारायलाच हवं. आधी प्राथमिक हुकूमनामा (कोर्टाचा निर्णायक आदेश) होतो, त्यात फक्त हिस्से ठरतात. प्रत्यक्ष सरस-निरस (मालमत्तेचा चांगला-कमी दर्जा बघून) वाटप, अंतिम हुकूमनामा आणि ताबा हे सगळं त्यानंतर. ठोक रक्कम पहिल्या टप्प्यापुरती असेल तर अर्ध्या वाटेवर पुन्हा फी ठरवावी लागते, आणि तेव्हा वकील बदलणं अवघड असतं. मनाईचा अर्ज (निकाल लागेपर्यंत मालमत्ता विकू नये वगैरे आदेशासाठी) आणि त्यावरचं अपील धरलंय का, तेही विचारा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: दावा दाखल झाल्यावर, पुरावा सुरू होताना, युक्तिवादाआधी.

तारखेच्या फीत घोळ तहकुबीचा, म्हणजे सुनावणी पुढे ढकलली जाण्याचा. समोरचे वकील गैरहजर, न्यायाधीश रजेवर, किंवा बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत) असूनही प्रकरण पुकारलंच नाही, तर त्या दिवशी किती द्यायचे? पूर्ण, अर्धी की काहीच नाही, हे आधी लिहून घ्या. साक्ष, उलटतपासणी किंवा युक्तिवाद झाला तरच पूर्ण फी, असं ठरवणं मला सर्वांत रास्त वाटतं.

खर्च म्हणजे कोर्ट फी, समन्स बजावणी, नकला, टायपिंग, नोटरी, कोर्ट कमिशनर (पाहणी किंवा वाटपासाठी कोर्टाने नेमलेली व्यक्ती), जमिनीची मोजणी. प्रत्येकाची पावती मागा.

हिशेबी
तासाच्या फीबद्दल. नुसत्या दरावर जाऊ नका, वेळ मोजतात कसा ते बघा. काही जण ६ मिनिटांचा तुकडा धरतात, म्हणजे तासाचे १० भाग, तर काही १५ मिनिटांचा. दोन-दोन मिनिटांचे चार फोन केलेत तर पहिल्या पद्धतीत २४ मिनिटं लागतात, दुसरीत अख्खा तास. दर तोच, बिल अडीचपट! म्हणून शंका साठवा आणि एकाच मेलमध्ये क्रमांक घालून पाठवा.

ज्युनिअरचा दर वेगळा आहे का? प्रवास आणि कोर्टात बसून राहण्याचा वेळ कसा धरतात? बिलात नुसतं "फाईल वाचन, ३ तास" आलं तर तारीख, काम आणि करणाऱ्याचं नाव मागा. एकूण रकमेला मर्यादा घाला. ती ओलांडण्याआधी तुमची लेखी संमती.

नवा_अशील
आभारी आहे. एका ओळखीच्यांनी सुचवलं, "जिंकल्यावर मालमत्तेतले अमुक टक्के देतो" असं ठरव. चालेल का?

दिवाणी_बाजू
नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळणाऱ्या मालमत्तेत वाटाही घेता येत नाही. टक्केवारीच्या फीपोटी दिलेल्या चेकवरची फौजदारी कारवाई सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द केली होती. अमेरिकेत अपघाताच्या भरपाईसारख्या दाव्यांत ही पद्धत सर्रास चालते. ते ऐकून लोक इथेही विचारतात.

हिशेबी
एक राहिलं. आगाऊ रक्कम मागितली तर ती कशापोटी ते स्पष्ट करून घ्या. पुढच्या बिलांतून वळती होणार असेल तर उरलेली परत मिळायला हवी. नुसती वकील बांधून ठेवण्यासाठी असेल तर बहुधा परत मिळत नाही. आणि फीवरून बिनसलं तरी कागद अडकत नाहीत. थकलेल्या फीसाठी वकिलाला अशिलाची फाईल अडवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०००चा निकाल आहे. तरीही मूळ सात-बारा, फेरफार, खरेदीखतं देताना यादी करून त्यावर पोच घ्या.