चांगला खेळते पण लय अकडू हाय, अशा पोट्ट्याचं काय करावं?

वर्धेकडचा_कोच: राजेहो, आमच्या गावच्या फुटबॉल टीममंदी एक पोट्टा हाय, डाव्या पायानं असा क्रॉस (बाजूनं गोलसमोर बॉल) टाकते का बस, पण प्रॅक्टिसले येत नाही अन् पास नाही भेटला त कंबरेवर हात ठेवून उभा रायते. बाकीचे म्हंतेत हाकला त्याले. काहून हाकलू, गोल तोच मारते ना!

लाल_जर्सी: मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसननं त्याच्या फ्रेंच स्ट्रायकर कँटोनाले कसं सांभाळलं पाह्य. जानेवारी १९९५ मंदी प्रेक्षकाले लाथ मारली, ८ महिने बंदी, मंग गडी इंग्लंड सोडाले निघाला त फर्गी पॅरिसले जाऊन समजावून आला. १९९५-९६ ले इंग्लंडची लीग अन् एफए कप दोन्ही जिंकले, कपच्या फायनलचा गोलही कँटोनाचाच.

बांधावरचा_गोली: अर्धीच गोष्ट नको सांगू भाऊ. त्याच फर्गीच्या राज्यात २००५ ले रॉय कीनले टीम सोडून जा लागलं, कॅप्टन असून. अन् कँटोना प्रॅक्टिस संपल्यावरही थांबून सराव करे, कोचभाऊचा पोट्टा त प्रॅक्टिसले येतच नाही. इंग्लंडच्याच आर्सेनल क्लबमंदी मॅनेजर आर्टेटानं २०२१ ले स्ट्रायकर ओबामेयांगची कॅप्टनशिप शिस्तीपायी काढलीच ना. एक मॅच बेंचवर बसवा.

वर्धेकडचा_कोच: बसवतो बाप्पा, पण सोयाबीन काढणी सुरू हाय, जमतेतच अकरा.