पळस फुललेला असताना कुटुंबासह सायकलीने दिवसभर फिरायचे असल्यास नागपुरात कोणता मार्ग घ्यावा?

प्रश्न : त्रिमूर्तीनगरकर

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यातील एका रविवारी आम्ही पाच जण सायकलीने बाहेर पडावे, अशी मुलांची इच्छा आहे. मुलगी बारा वर्षांची व मुलगा सात वर्षांचा आहे; शिवाय माझे वडील सत्तरीत असूनही स्वतःच्या उभ्या सायकलीवरच येणार, असे त्यांनी आधीच जाहीर करून टाकले आहे. पळस आणि काटेसावर मुलांना जवळून दाखवावी, हा मुख्य हेतू आहे. काटोल रस्त्याने फेटरीच्या पुढे जावे, की शहरातच राहावे? ऊन लक्षात घेऊन कृपया सांगावे.

उत्तर : पहाटफेरी

काटोल रस्ता सात वर्षांच्या मुलासाठी सुचवणार नाही. रस्त्याच्या कडेचा पळस कितीही सुंदर दिसत असला, तरी वेगाने जाणाऱ्या ट्रकच्या झोताने लहान सायकल डगमगते आणि पालकांचे सारे लक्ष फुलांऐवजी आरशात राहते. त्यापेक्षा अंबाझरीपासून सुरुवात करावी, भरतनगरच्या बाजूने अमरावती रस्ता सायकली हातात धरून ओलांडावा, भोसलेकालीन फुटाळा तलावाकाठी थांबावे आणि तेथून सेमिनरी हिल्स गाठावे. टेकडीचा चढ लागला की मुलाने उतरून चालावे. वडिलांनीही चालले तर बरे, पण ते तुम्हीच सांगा.

खरी गोष्ट वेळेची आहे. मार्चच्या उत्तरार्धात नागपूरचा पारा ३८ ते ४० अंशांच्या घरात जाऊ शकतो, म्हणून सहा वाजता निघून दहाच्या आत सावलीत पोहोचायचे, असे ठरवूनच दिवस आखावा. सकाळीच पळसावर शिंजीर, साळुंक्या आणि बुलबुल मधासाठी गर्दी करतात. उन्हे चढली की हा बाजार बराचसा उठतो. मुलांना खाली पडलेले एक फूल हातात देऊन निरखायला सांगा : देठाकडचा काळपट, मखमली पेला, त्यातून निघालेली केशरी पाकळी आणि पोपटाच्या चोचीसारखी तिची वाकडी टोके. काटेसावरीचे फूल मात्र जाड, मांसल, पाच पाकळ्यांचे आणि मध्ये पुंकेसरांचा जुडगा असलेले असते. त्याचा सडा डांबरावर चिरडला की रस्ता निसरडा होतो, हे मुलीला आवर्जून सांगा, कारण बारा वर्षांच्या मुलांना उतारावर ब्रेक आठवत नाही.

दुपारी पुन्हा सायकल नको. सिव्हिल लाइन्समधील जुन्या झाडांच्या सावलीत डबा उघडावा, कैरीचे पन्हे सोबत असावे, आणि परतीचा प्रवास साडेपाचनंतर करावा. डोक्याला दुपट्टा सर्वांनी बांधावा. बहाव्याची पिवळी झुंबरे याच दिवशी दिसतील, अशी आशा ठेवू नका. तो साधारण एप्रिल-मे महिन्यांचा मानकरी आहे.

उत्तर : खिंडसीकाठ

वरील सल्ला शहरापुरता योग्य आहे, परंतु शहरातला पळस एकेकट्या झाडाचा असतो. पेटलेली टेकडी पाहायची असेल तर गाडीवर सायकली बांधून रामटेकला, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर, यावे आणि रामटेक ते खिंडसी तलाव एवढेच सायकलीने फिरावे. रस्ता सोडून पायवाटेने शिरू नका, कारण बाभळीचा आणि सराट्याचा काटा चाकात शिरला की पूर्ण कुटुंब एका पंक्चरपाशी तासभर उभे राहते.

आणखी एक विनंती आहे. याच दिवसांत मोहाची फुले पहाटे गळतात. झाडाखालची जागा झाडून स्वच्छ केलेली दिसली, तर तेथे सायकली लावू नका व फुले तुडवू नका. ती वेचणाऱ्या कुटुंबाची ती वर्षाची मिळकत असते.

उत्तर : जुनी_चेन

आदल्या संध्याकाळी हवा, ब्रेक आणि चेन तपासावी. मुलाची सीट इतकीच उंच असावी की दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. उभ्या सायकलीचे ब्रेक सळईचे असतील, तर सेमिनरी हिल्सचा उतार वडिलांनी पायीच उतरावा, यावर तडजोड नको.

त्रिमूर्तीनगरकर

सर्वांचे आभार. यंदा अंबाझरी ते सेमिनरी हिल्स असेच ठरवतो. रामटेक मुलगा थोडा मोठा झाल्यावर करू. ब्रेक सळईचेच आहेत, तेव्हा वडिलांशी बोलणी सुरू आहेत. मुलीला रंगपंचमीसाठी पळसफुलांचा रंग करायचा आहे, म्हणून विचारतो, फुले तोडावी का?

उत्तर : पहाटफेरी

तोडण्याची गरजच पडत नाही. झाडाखाली पडलेली ताजी फुले पिशवीभर मिळतात. धूळ झटकून ती पाण्यात उकळावी, रात्रभर तसेच झाकून ठेवावे आणि सकाळी गाळावे. पिवळसर केशरी रंग मिळतो. चिमूटभर खाण्याचा चुना टाकल्यास तो गडद होतो, परंतु चुना घातलेले पाणी मुलांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नये, म्हणून घरच्या खेळासाठी साधाच रंग बरा. सणाची तारीख तेवढी पाहून घ्या, कारण काही वर्षी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्याआधीच रंगपंचमी होऊन जाते. तसे असल्यास फुले सावलीत वाळवून पुढच्या वर्षासाठी कागदी पिशवीत ठेवावीत.