हेमाडपंती देवळाचे फोटो: भिंत कोळसा, आभाळ पांढरंफटक, गाभाऱ्यात हिरवी झाक

तूर-पऱ्हाटी:
दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात महादेवाचं जुनं देऊळ आहे. काळा दगड, चुन्याशिवाय रचलेलं, तोंड पूर्वेला. ग्रामपंचायतीला राज्य पुरातत्त्व विभागाकडे प्रस्ताव पाठवायचा आहे, त्याला पंचवीसेक फोटो जोडायचे आहेत. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, लेन्स दोन: १८-५५ आणि ५० एमएम एफ/१.८.

अडचणी अशा. बाहेरून घेतलं की एक तर भिंत कोळसा होते, नाहीतर आभाळ पांढरंफटक. शिखर मागं कललेलं दिसतं. सगळ्यात चांगली शिल्पं उत्तरेच्या भिंतीवर आहेत, पण फोटोत ती सपाट येतात. आत एलईडी ट्यूबची हिरवी झाक आणि खांबांना वर्षानुवर्षांच्या तेलाची चकाकी. बाहेर पडलेल्या एका दगडावर दोन ओळींचा लेख आहे, तो डोळ्याला अंधुक दिसतो, फोटोत अजिबात नाही. याच खेपेत लोणार आणि मार्कंडा इथली देवळंही करायचा विचार आहे. तिथं ट्रायपॉड चालतो का?

काळापाषाण:
आधी कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची खोड ओळखा. समोर काय आहे ते त्याला कळत नाही. दिसेल ते मध्यम करडं करायचं, एवढंच त्याला ठाऊक. चौकटभर काळी भिंत असली की तो तिला उजळून राखाडी करतो आणि हात लागून गुळगुळीत झालेल्या कडा पांढऱ्या पडतात. तिथं एक्स्पोजर उणे पाऊण ते उणे एक स्टॉप द्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). चौकटीत निम्मं आभाळ आलं की बरोबर उलटं होतं: तो आभाळाला घाबरून सगळंच दाबतो आणि भिंत कोळसा होते. तिथं अधिक एक. त्यामुळे 'काळ्या दगडाला कायम उणे' हा नेहमीचा सल्ला अर्धाच खरा आहे.

त्यापेक्षा मॅन्युअलवर जा. स्पॉट मीटर (चौकटीतला छोटा भागच मोजणारा) भिंतीच्या उन्हातल्या भागावर धरा, येणाऱ्या आकड्यापेक्षा एक ते दीड स्टॉप कमी ठेवा आणि मग चौकट कशीही बदला, आकडे हलवू नका. पडताळ्यासाठी: ऊन वर आलेलं आणि आभाळ निरभ्र असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र), १/५०० सेकंदाच्या आसपास यायला हवं. यापासून फार लांब गेलात तर मीटर फसलाय. रॉमध्येच (सेन्सरची कच्ची फाइल) घ्या. जेपेगमध्ये काळा भाग उपसायला गेलं की तपशिलाऐवजी कणकण वर येतात.

आभाळाचं म्हणाल तर एप्रिल-मेत आपल्याकडं ते मुळातच धुरळलेलं असतं, कुठल्याच सेटिंगनं निळं होत नाही. दसऱ्यानंतरचे दीड-दोन महिने चांगले.

शिखर मागं पडतं कारण कॅमेरा वर झुकतो. सेन्सर भिंतीला समांतर राहिला की रेषा सरळ राहतात. म्हणून लांब जा, कॅमेरा उभा धरा, वर-खाली न झुकवता सरळ ठेवा, खाली नको ती जमीन आली तर येऊ द्या आणि नंतर कापा. जागाच नसेल तर समोरच्या धाब्यावर चढा. शिखराच्या निम्म्या उंचीवरून घेतलेला फोटो सगळ्यात सरळ येतो. सॉफ्टवेअरनं सरळ करता येतं, पण त्यात दोन्ही कडा जातात, तेवढी जागा आधीच सोडून ठेवायची.

वैनगंगेकाठचा:
वरचं सगळं बरोबर, पण दसऱ्यानंतर गेलात तर उत्तरेची भिंत हातची गेली. २३ सप्टेंबरपासून २१ मार्चपर्यंत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेलाच राहतो. देऊळ दिशांना नीट धरलेलं असेल तर त्या सहा महिन्यांत उत्तरेच्या भिंतीला ऊन शिवतच नाही, म्हणून शिल्पं सपाट. शिल्पाला उजेड समोरून नको, भिंतीला घासून जाणारा हवा.

तो उन्हाळ्यात मिळतो. एप्रिलच्या मध्याला सूर्य उगवल्यापासून साधारण दोन तास आणि मावळण्याआधी दोन तास उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन असतं, दहा अंशांच्या आसपास, म्हणजे अगदी चाटून जाणारं. जूनमध्ये आपल्या अक्षांशावर सूर्य पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो. मे अखेर ते जुलै मध्य तर दुपारीसुद्धा तो डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो, कारण विदर्भ कर्कवृत्ताच्या खाली आहे. पण तेव्हाचं ऊन वरून खाली घसरतं आणि छज्ज्याची सावली मूर्तींच्या तोंडावर येते. सकाळच घ्या. थोडक्यात, खेपा दोन: उत्तरेसाठी एप्रिल-मे, बाकी तीन बाजू आणि आभाळासाठी दिवाळीच्या सुमारास. कॅमेरा दुपारी गाडीत ठेवू नका, हे सांगायला नको.

कुठल्याही धर्माच्या वास्तूला हाच हिशोब लागतो: आधी तोंड कुठं ते बघायचं. कंबोडियातल्या अंकोर वाटचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून पहाटे तळ्याकाठी गर्दी करणाऱ्यांना नुसती काळी आकृती मिळते. दर्शनी बाजूवर ऊन दुपारनंतर. युरोपातल्या जुन्या गॉथिक चर्चमध्ये वेदी बहुधा पूर्वेला असते, म्हणजे मुख्य दरवाज्यावरची शिल्पं संध्याकाळची. तुमच्या देवळाची दर्शनी बाजू सकाळी आठपर्यंत उरकायला हवी.

आता परवानगी. लोणारचं दैत्यसूदन आणि मार्कंडा दोन्ही केंद्रीय संरक्षित स्मारकं. हातातल्या कॅमेऱ्यानं स्वतःपुरते फोटो काढायला सहसा अडवत नाहीत. ट्रायपॉड, दिवे किंवा धंद्याचं काम असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयाची लेखी परवानगी आधी लागते. जागेवरचा चौकीदार ती देऊ शकत नाही, त्याच्याशी वाद घालू नका. ड्रोन तर परवानगीशिवाय पिशवीतून काढूच नका.

मार्कंड्याला एक्स्पोजर वेगळं ठेवा: तिथला दगड बेसॉल्ट नाही, वालुकाश्म आहे, आपल्या काळ्या दगडापेक्षा बराच उजळ. दर्यापूरला जमलेले उणे-अधिकचे आकडे तिथं तसेच वापरले तर फसाल. महाशिवरात्रीच्या जत्रेत जाऊ नका, वास्तू दिसतच नाही.

भौ_मूर्तिजापूर:
आतल्या कामाचं म्या सांगतो. ट्रायपॉड काऊन पाह्यजे? दीड किलो ज्वारी जाड कापडाच्या पिशवीत भरा, तोंड शिवून टाका, थे पिशवी उंबरठ्याच्या बाजूच्या जोत्यावर ठेवून त्यात कॅमेरा रुतवा. उंबरठ्यावर नोका ठेवू, लोकं त्याले हात लावून पाया पडतात. सरकी भरू नोका, तिचे तंतू लेन्सले चिकटतात. दोन सेकंदांचा टायमर लावा अन् लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. कॅमेरा स्थिर असला त थे उगाच हलवते.

आयएसओ ४००, एफ/८, सेकंद-दोन सेकंद चालू द्या. हातातच धरायचा असन त ५० एमएम, एफ/२.८, आयएसओ १६००-३२००, १/६० च्या खाली उतरू नोका.

हिरवी झाक ट्यूबची आहे. पुजाऱ्याले इचारून पाच मिनिटं ट्यूब बंद करा. दाराचा उजेड निळसर, समईचा एकदम पिवळा अन् ट्यूबचा हिरवा: तीन उजेड एकाच फोटोत आले त व्हाइट बॅलन्स कोणाच्याच बापाले सुधरत नाही. एकच ठेवा. अंधार वाटला त दाराबाहेर उन्हात एकानं पांढरं धोतर ताणून धरा, थे ऊन आत जाते. स्टीलची परात धरली त उजेड जास्त जाते पण चट्टे पडतात, म्हणून परात छतासाठी अन् धोतर पिंडीसाठी. फ्लॅशनं मागच्या भिंतीवर सावली चिकटते अन् पूजेले बसलेल्याच्या डोयात जाते, थो वेगळाच.

खांबाच्या तेलाच्या चकाकीले लेन्सपुढं पोलरायझर, म्हंजे चकाकी कापणारी फिरती काच, लावा. समोरून नाही, थोडं तिरपं उभं राहून फिरवा, चकाकी मरते. पण पिंडीवर पितयेचा नाहीतर चांदीचा मुखवटा असन त पोलरायझर काही करत नाही, धातूवर त्याचं चालत नाही. तिथं उभं राहाची जागाच बदला.

अभिषेक चालू असताना, कपडे बदलताना, पडदा ओढलेला असताना फोटो नोका काढू. आधी इचारलं त गुरव सोता वाती नीट करून देते.

काळापाषाण:
भौ, आत एफ/८ ठीक आहे, पण दारातून बाहेरचं अंगणही हवं असेल तर ऊन असताना ते जमत नाही. आत-बाहेरच्या उजेडातला फरक दहा स्टॉपच्या पुढं जातो. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं दोन्ही उजेड जवळ येतात, समई आणि बाहेरचं निळं आभाळ एकाच फोटोत बसतं. आपल्याकडं संधिप्रकाश लवकर आटोपतो, तेव्हा चौकट दिवसाच ठरवून ठेवा.

सभामंडपाचं छत राहिलं. कॅमेरा पाठीवर निजवा, रंगशिळेच्या (मंडपातल्या मधल्या शिळेच्या) बरोबर मधोमध, खाली स्वच्छ पंचा घालून. लेन्स १८ वर, फोकस मॅन्युअल करून छतावर, टायमर दहा सेकंदांचा, आणि तुम्ही चौकटीच्या बाहेर. मान वर करून हातानं घेतलेल्या छताचे चौकोन कधीच चौकोन येत नाहीत. लोणारला दैत्यसूदनचं छत असंच घ्या. वटवाघळं आहेत का ते आधी बघा, लेन्स वर तोंड करून उघडी असते.

बारव_शोधक:
शिलालेखाचं सांगतो, कारण तिथंच सगळ्यात जास्त नासधूस होते. अक्षरात खडू, पीठ, चुना, तेल काहीही भरायचं नाही. तेल दगडात मुरतं आणि धूळ धरतं, चुना खाचेत बसला की पुढं कागदावर ठसा घेताना अक्षर चुकतं. कोरड्या मऊ कुंचल्यानं माती झटका, बस.

काम रात्री करा, किंवा दिवसा दोघांनी घोंगडी धरून दगडावर अंधार करा. कॅमेरा दगडाच्या बरोबर समोर, ज्वारीच्या पिशवीवर पक्का. साधी बॅटरी हातभर लांब, दगडाच्या पातळीपासून जेमतेम दहा-पंधरा अंश वर धरून बाजूनं उजेड टाका. एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून, एक वरून, एक खालून, मग चारही कोपऱ्यांतून. कॅमेरा मध्ये हलवायचा नाही. उभी रेघ वरून टाकलेल्या उजेडात लपते, आडवी बाजूच्या उजेडात. म्हणून एका फोटोनं लेख वाचता येत नाही, आठांनी येतो. वीरगळालाही हीच पद्धत, तिथं चार पुरतात.

प्रस्तावासाठी काढताना सुंदर फोटो आणि नोंदीचा फोटो वेगळे ठेवा. नोंदीच्या फोटोत प्रत्येक शिल्पाशेजारी मोजपट्टी टेकलेली हवी, दगडाच्याच पातळीत. पुढं धरली तर माप खोटं येतं. चारही भिंती समोरून पूर्ण, मग जोतं, भिंतीवरचे थर, देवकोष्ठ (भिंतीतले मूर्तींचे कोनाडे), द्वारशाखा (दाराच्या कोरीव चौकटी), ललाटबिंब (दारावरची मधली मूर्ती), छत, शिखर असं क्रमानं. जिथं ऑइल पेंट मारलाय, सिमेंट थापलंय, पत्र्याची शेड टेकवलीय, तेही लपवू नका, मुद्दाम घ्या. तीन फोटो जोडून केलेला भडक एचडीआर पाठवू नका. त्यात दगडाचा रंग आणि भेगांची खोली दोन्ही खोटी दिसतात.

फाइलला नाव देताना गाव, बाजू, थर, क्रमांक आणि तारीख लिहा. 'महादेव मंदिर फोटो १' या नावाच्या पंचवीस फाइली आल्या की कुठली भिंत कुठली ते तुम्हालाच सहा महिन्यांनी कळणार नाही.

तूर-पऱ्हाटी:
उत्तरेच्या भिंतीसमोर सात-आठ फुटांवर घर आहे. १८ वरही भिंत एका चौकटीत मावत नाही. तुकडे जोडले तर चालतील का? आणि गावात माता मायचं ठाणंही आहे, निंबाखाली शेंदूर लावलेले दगड. तेही जोडायचं का?

बारव_शोधक:
चालतील. पण एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवू नका, भिंत फुगलेली दिसते. भिंतीला समांतर दोरी ताणा, दर दोन फुटांवर खूण करा, प्रत्येक खुणेवर तितक्याच अंतरावरून, तितक्याच उंचीवरून एक फोटो. लेन्स २४ च्या आसपास, शेजारचे दोन फोटो निम्मे एकमेकांवर यायला हवेत. एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअलवर बांधून टाका, नाहीतर सांधे दिसतात. पुढं आलेल्या मूर्तींच्या कडा जोडताना तुटतात; त्या प्रत्येक मूर्तीचा सुटा फोटो ५० एमएमनं घ्या.

वैनगंगेकाठचा:
माता मायचं ठाणं जोडा, पण पूजा करणाऱ्या घराला विचारून. शेंदरावर पोत दिसत नाही कारण कॅमेऱ्यात लाल रंग आधी भरून जातो. लाल रंगाचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) वेगळा बघा आणि उणे एक द्या. आणि आमच्या गडचिरोलीकडं आलात तर गोंड-माडिया पेनठाण्यांवर (देवांच्या जागांवर) कॅमेरा गळ्यात घालूनही जाऊ नका, आधी गावच्या भूमियाला, म्हणजे गावप्रमुखाला, भेटा. काही ठिकाणी ठाण्याचा फोटो चालत नाही. तसं जगभर आहे: रोम शहरातल्या व्हॅटिकनमध्ये सिस्टाइन चॅपेलच्या छताचा फोटो काढू देत नाहीत, ताजमहालात मुख्य कबरीच्या दालनात नाही, ऑस्ट्रेलियात उलुरूच्या ठरावीक बाजूंना तिथले अनांगू लोक मनाई करतात आणि तशा पाट्याही लावलेल्या आहेत. आपल्याकडं पाटी नसते, म्हणून विचारावं लागतं.

भौ_मूर्तिजापूर:
अन् त्या घरवाल्याले पैलेच सांगून ठेवा, सकायी सहाले त्याच्या भितीले पाठ लावून उभे राहाल त थो कुत्रं सोडन.