उपचार संपले, तरी आईची भीती का संपत नाही?

प्रश्न: आईचे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार गेल्या वर्षी पूर्ण झाले आणि तपासण्याही चांगल्या आल्या, तरीही स्पिरिटचा वास आला की केमोच्या खोलीत असल्यासारखी तिला धाप लागते, रात्री ती दचकून उठते आणि मॅमोग्राफीची (स्तनाच्या एक्स-रे तपासणीची) तारीख पुढे ढकलत राहते. हा आघातोत्तर तणाव (पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) असू शकतो का?

प्रतिसाद १: असू शकतो. अशी लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून रोजचे जगणे अडवत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत जीवघेण्या आजाराचाही आघात म्हणून विचार होत असे; २०१३ मध्ये तो निकष कडक झाला, त्यामुळे निदान चिंताविकाराचे किंवा समायोजन विकाराचेही (ताणाच्या प्रसंगाशी जुळवून घेता न आल्याने होणाऱ्या त्रासाचे) होऊ शकते. नाव कोणतेही असो, तुमच्या आईंचा त्रास खराच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

प्रतिसाद २: मला सर्वांत काळजी वाटते ती तपासणी टाळण्याची, कारण आजार उलटला तर तो लवकर कळण्याची संधी त्यामुळे हुकते. कृपया त्यांच्यासोबत जा आणि तेथील परिचारिकांना आधीच कल्पना द्या. आघातकेंद्री वर्तनोपचार (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारे समुपदेशन) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींची तीव्रता कमी करणारी पद्धत) यांचा अनेकांना उपयोग होतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. मॅमोग्राफीच्या तारखेआधीच मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेते.